तो अर्ज नव्हता

पोस्टाच्या खिडकीमागं एकतीस वर्षं काढलेल्या बाईला फॉर्म कसा भरायचा हे कुणी शिकवायला जाऊ नये. शिकवायला गेलेल्या भल्याभल्यांची बाईंनी जिरवली होती. पत्ता बदलायचा असो की हरवलेल्या पार्सलची तक्रार असो, लोक खिडकीशी पेन चघळत उभे राहायचे आणि शेवटी कागद आत सरकवून म्हणायचे, "बाई, तुम्हीच भरा." बाई भरायच्या. त्यांचे नियम ठरलेले होते. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. ज्यावरून पुढं चार प्रश्न निघतील असं काही लिहायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी "आणखी काही सांगायचे असल्यास" म्हणून जो मोठा चौकोन असतो, त्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणी त्यात काही घुसडायला नको. एकदा एका आजोबांनी त्या चौकोनात, मुलगा पत्राचं उत्तर देत नाही, म्हणून अर्धं पान भरून लिहिलं होतं. बाईंनी तो कागद फाडून त्यांना नवा दिला. "आजोबा, फॉर्ममध्ये रडायचं नसतं," त्या म्हणाल्या, "फॉर्म परत येतो."

अशा बाईंच्या हातून एका फॉर्ममध्ये एक खूण चुकीची पडली. चुकीची म्हणजे, त्यांनी ती जाणूनबुजून तशी केली.

बाईंचा नवरा केस कापायचा. दोन खुर्च्यांचं छोटंसं दुकान, समोर आरसा, मागं आरसा, मधे तो. गल्लीत त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. हात इतका हलका, की गिऱ्हाइकं खुर्चीतच डुलक्या घ्यायची. कुणी फार घाईत असलं, तर उस्ताद कात्री खाली ठेवून म्हणायचे, "घाई असेल तर टोपी घाला, तिला वेळ लागत नाही." घरी मात्र त्यांचं एकच गिऱ्हाईक होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टूल यायचं, बाईंच्या गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली जायची, आणि उस्ताद त्यांच्या केसांचे शेंडे कापायचे. दोन बोटं, त्याहून जास्त नाही. बाई तोंडानं सूचना करत राहायच्या, आणि उस्ताद "हो बाईसाहेब, नाही बाईसाहेब" करत आपल्याला हवं तेच करायचे. कापून झालं की मानेवर चिकटलेले बारीक केस ते ब्रशनं झाडायचे नाहीत. खाली वाकून हळूच फुंकर घालायचे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तरी त्या फुंकरीनं बाईंच्या अंगावर काटा यायचा, आणि तो उस्तादांना दिसायचा. ते नुसती चादर झटकायचे.

मग उस्तादांची किडनी गेली. रक्तदाबानं ती आतल्या आत कधीच कुरतडली होती, कळलं तेव्हा उशीर झालेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चार-चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, दिवसाला मोजून एक बाटली पाणी, आणि घरी आलं की दुपारभर मेल्यासारखं पडून राहायचं. तेही दोघांनी अंगवळणी पाडून घेतलं. सुया टोचण्यासाठी उस्तादांच्या डाव्या हाताची शीर शस्त्रक्रिया करून फुगवली होती. तिच्यावर बोटं ठेवली, की आतून घरघर जाणवायची. बाई झोपताना त्या हातावर तळवा ठेवायच्या. घरघर लागली, म्हणजे सगळं ठीक आहे. उस्ताद उरलेल्या दिवसांतले दोन दिवस दुकान उघडायचे. जगणं थोडं आखूड झालं होतं, पण होतं.

दर तीन महिन्यांनी रुग्णालयात रक्त तपासत. दुसऱ्या वर्षी एका तपासणीत उस्तादांच्या रक्तात हिपॅटायटिस सी, यकृत पोखरणारा विषाणू, निघाला. आधीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या होत्या. मग हा आला कुठून? मशीनवरून, सुईवरून, मधे एकदा चढवलेल्या रक्तातून, की दुकानात कुणाच्या गालावरच्या जखमेतून? डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "खरं सांगू? हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्या दिवसापासून उस्तादांची खाट मोठ्या हॉलमधून हलली. टोकाला काचेच्या दाराआड एक खोली होती. तिथल्या मशीनवर लाल पट्टी, तिथल्या सिस्टरचा गाऊन वेगळा, तिथली कात्रीसुद्धा वेगळी. आत एक जाडजूड बसड्रायव्हर आधीच पहुडलेला होता. त्यालाही हेच निघालेलं. "या उस्ताद, स्पेशल डब्यात या," तो म्हणाला. हॉलमधली ओळखीची माणसं काचेतून हात हलवायची. चार वेळा हलवला, मग तीही विसरली. माणसांचं असंच असतं, त्यांना काय बोल लावायचा.

पण खरं वेगळेपण रुग्णालयानं केलं नाही. ते उस्तादांनी घरी आणलं.

डॉक्टरांनी बाईंना समोर बसवून सांगितलं होतं: हा आजार रक्तातून रक्तात जातो. रेझर, टूथब्रश, नेलकटर एकमेकांचं वापरू नका. बाकी एका ताटात जेवा, एका कपातून प्या, एका पांघरुणात झोपा, काही होत नाही. उस्तादांनी मान डोलावली. घरी आल्यावर स्वतःचा कप वेगळा काढला, ताट वेगळं काढलं, टॉवेलला वेगळा खिळा ठोकला आणि गादी बाहेरच्या खोलीत नेली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर लोकांच्या हाताबद्दल बोलतात. माझे हात वेगळे आहेत." उस्तादांनी दोन्ही तळवे पुढं केले. त्यात खोटं काही नव्हतं. चाळीस वर्षं केस कापणाऱ्या माणसाच्या बोटांत केसांचे बारीक तुकडे काट्यासारखे रुतलेले असतात, वस्तऱ्याचे ओरखडे असतात, कुठं ना कुठं कातडी उघडी असतेच. "यातून कधी काय बाहेर येतं, मला कळतसुद्धा नाही."

दुकान त्याच आठवड्यात बंद झालं. गल्लीला बाईंनी सांगितलं की नजर अधू झाली. दारामागं उस्ताद आठवत बसायचे, मागच्या तीन महिन्यांत कोणाकोणाची दाढी केली. वस्तऱ्याचं पातं ते दर गिऱ्हाइकाला बदलत, तरीही. शाळेतले मास्तर, औषधाच्या दुकानातला, नव्यानं लग्न ठरलेला तो उंच मुलगा. एकेक चेहरा ते हातानं ओळखत होते, हनुवटीचा खळगा, कानामागचा मस. "त्यांच्यातल्या कुणाला दिलं असेल का गं मी?" बाई म्हणायच्या, नाही. त्या "नाही"चा काही उपयोग होत नसे.

आणि पहिला रविवार यायचा. स्टूल भिंतीशी असायचं. बाईंनी एकदा विषय काढला, दोनदा काढला. मग त्यांनीही हट्टाला पेटून ठरवलं, दुसऱ्या कुणाची कात्री डोक्याला लावून घ्यायची नाही. केस वाढत गेले. बाई त्यांचा कसातरी गोळा बांधायच्या. उस्ताद लांबून बघायचे आणि न राहवून म्हणायचे, "शेंड्यांना फाटे फुटलेत." त्यांचा हात उचलला जायचा आणि मग पाठीमागं जायचा. घरात ते हल्ली हात पाठीमागं बांधूनच हिंडत. दोन वर्षं त्या माणसानं बायकोला बोट लावलं नाही. बाईंना मशीनचं दुःख कमी होतं, पाण्याच्या बाटलीचं कमी होतं. त्यांना ते हात परत हवे होते. बाकी देवाकडं काही मागणं उरलं नव्हतं.

म्हणून डॉक्टरांनी जेव्हा काचेच्या खोलीबाहेरच्या बाकापाशी येऊन सांगितलं की मशीनवरच्या रुग्णांना चालतील अशा नव्या गोळ्या आल्यात, बारा आठवड्यांत विषाणू जातो, तेव्हा बाईंना पहिलं आठवलं ते भिंतीशी लावलेलं स्टूल. "पहिल्या खेपेला सहा जणांपुरत्याच आहेत," डॉक्टर म्हणाले, "ज्यांची तब्येत झेपण्यासारखी आहे त्यांना आधी देऊ." त्या खोलीत वेगवेगळ्या वेळांना येणारे असे नऊ जण होते.

आणि दोनच दिवसांनी, बुधवारी, खांद्याला पिशवी लावलेली एक मुलगी फॉर्म घेऊन आली. कुठल्याशा पाहणीसाठी, रुग्णांचं जगणं कसं चाललंय ते विचारायला. छत्तीस प्रश्न. ती समजावून सांगत होती, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात हिशोब झाला होता: नऊ माणसं, सहा जणांच्या गोळ्या, आणि मधे एक फॉर्म. हा कशाचा आहे ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षांत त्यांनी पाहिलेला प्रत्येक फॉर्म कशाचा तरी अर्ज होता. एक तर मंजूर व्हायचा, नाहीतर परत यायचा.

"मीच भरते," बाई म्हणाल्या, "त्यांना बारीक अक्षर दिसत नाही."

गाऊन चढवून त्या खाटेशी बसल्या. उस्तादांचा डावा हात नळ्यांना जखडलेला होता, उजवा चादरीखाली होता, नेहमीसारखा दूर.

"एकूण तब्येत कशी आहे? उत्तम, फार चांगली, चांगली, बरी, वाईट."

"उत्तम असती तर इथं काय हवा खायला आलोय?"

"'चांगली' लिहिते."

"'बरी' लिही."

"'चांगली'," म्हणत बाईंनी खूण केली.

असंच चाललं. उस्तादांनी एक सांगायचं, बाईंनी एक घर वर सरकवायचं. पायात गोळे येतात? "खूप." बाईंनी "थोडेसे" केलं. थकवा? "आता ते काय विचारायचं?" बाईंनी "थोडासा" केलं. खाज? "ती तेवढी खरी लिही," उस्ताद म्हणाले, "तिला नाकारलं तर ती चिडेल." शेजारच्या खाटेवरून ड्रायव्हर ओरडला, "माझीपण त्यात मिळवा, बाई." तिघंही हसले. बाईंनी खाज खरी लिहिली, कारण खाजेवरून कुणाच्या गोळ्या अडत नाहीत.

अठरावा प्रश्न आला. "गेल्या चार आठवड्यांत छातीत दुखणे किंवा दडपण यामुळे किती त्रास झाला? अजिबात नाही, थोडासा, बऱ्यापैकी, खूप, असह्य."

 मशीनचं चाक फिरत होतं.

"होतं अधूनमधून," ते हळू आवाजात म्हणाले. "जिना चढताना. थोडं थांबलं की जातं. 'बऱ्यापैकी' लिही."

हे बाईंना नवं होतं.  त्यांनी काचेच्या दाराकडं बघितलं. पिशवीवाली मुलगी पलीकडं कुणाशी तरी बोलत होती. ज्याची छाती दुखते, त्याची तब्येत झेपण्यासारखी कशी म्हणतील? पेन कागदावर टेकलेलंच होतं. बाईंनी पहिल्या घरात खूण केली.

"काय लिहिलंस?"

"अजिबात नाही."

उस्तादांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "गोळ्यांसाठी?"

बाईंनी मान डोलावली.

"बरं," ते म्हणाले. "मग आता लक्षात ठेवावं लागेल."

पुढं एक प्रश्न बाईंनी गाळला. पण उस्ताद प्रश्न मोजत होते. "एक राहिला."

"तो छापताना चुकलाय."

"वाच."

बाईंनी वाचला. "मी घरच्यांवर ओझे झालो आहे असे वाटते."

"याचं उत्तर माझ्याकडं नाही," उस्ताद म्हणाले. "उचलणाऱ्याला माहीत."

बाईंनी "साफ चूक"वर इतकी जोरात खूण केली की कागद फाटला. शेवटच्या पानावर "हा फॉर्म कोणी भरला?" असं होतं, तिथं त्यांनी "रुग्णाने स्वतः" निवडलं. खालच्या मोठ्या चौकोनात सवयीनं तिरकी रेघ ओढली, आणि कागद मुलीच्या हातात दिला.

पुढच्या सोमवारी सहा नावं लागली. त्यात उस्ताद होते. ड्रायव्हरही होता. बाईंना वाटलं, जिंकलो. त्या दिवशी त्या घरी येऊन एकट्याच स्वयंपाकघरात रडल्या, आनंदानं, आणि मग स्टूल पुसून ठेवलं.

बारा आठवडे गोळ्या चालल्या. शेवटी रक्त तपासलं, तर विषाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, छान, पण पक्कं कधी म्हणायचं, तर अजून बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून तेव्हाही सापडला नाही की. बाईंनी पहिला अर्धा भाग ऐकला आणि उस्तादांनी दुसरा.

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाईंनी स्वतःच खिडकीशी स्टूल मांडलं, चादर गुंडाळली आणि पाठ करून बसल्या. उस्ताद दारात उभे राहिले, हात मागं.

"अजून तीन महिने," ते म्हणाले.

"डॉक्टर म्हणाले, केस कापून काही होत नाही."

"डॉक्टरांच्या हातात ही कात्री नसते. माझी बोटं बधिर झालीत गं. कापलं तर मला कळणारही नाही."

"तोवर केस गुडघ्याला लागतील माझे."

"मग शिडी आणू." उस्ताद हसले, आणि मग हसू पुसून म्हणाले, "पक्का कागद येऊ दे. पहिला हात तुझ्या डोक्याला. शब्द आहे."

 बाईंनी चादर सोडून घडी करून ठेवली.

त्या तीन महिन्यांत उस्ताद जिन्यावर थांबू लागले. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दाराशी ते नावाची पाटी वाचत उभे राहायचे. वीस वर्षांपूर्वी लावलेली पाटी, तिच्यात वाचण्यासारखं काय होतं? बाई एक पायरी खाली थांबायच्या. एकदा त्यांनी पाहिलं, उस्तादांची मूठ छातीवर दाबलेली होती.

"दुखतंय?"

"कागदावर माझी छाती ठणठणीत आहे."

"थट्टा पुरे. मी सिस्टरना सांगते."

"आता सांगणार? मग विचारतील, तेव्हा का नाही सांगितलं. फॉर्म काढतील. त्यावर 'स्वतः' लिहिलंयस." त्यांनी श्वास घेतला. "नऊ आठवडे राहिलेत, बाईसाहेब. ते शेवटचं रक्त एकदा तपासून होऊ दे. मग आपण दोघं जाऊन सगळं सांगू. तूच लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे."

बाईंनी तेव्हा सांगायला हवं होतं. हे कुणीही सांगेल, आणि पुढं बाईंनी स्वतःला ते रोज सांगितलं. पण जिन्यावर उभ्या असताना त्यांना फक्त नऊ आठवडे दिसत होते आणि त्यापलीकडचं स्टूल. खोटा फॉर्म पकडला गेला की काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्या गप्प बसल्या. दर खेपेला मशीन लावताना सिस्टर विचारायची, "काही त्रास? छाती? श्वास?" आणि आतून उस्तादांचा आवाज यायचा, "मस्त." बाहेरच्या बाकावर बाई पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या.

बाराव्या आठवड्यात, बुधवारी, शेवटच्या तपासणीचं रक्त काढलं. उस्ताद खुशीत होते. घरी आल्यावर त्यांनी खणातून कात्री काढली, दगडावर धार लावली, जुन्या रुमालात गुंडाळून खिडकीच्या फळीवर ठेवली. "रविवारपर्यंत कागद येईल," म्हणाले. "पहिलाच रविवार आहे."

शुक्रवारी सकाळी मशीनवरचा तिसरा तास चालू होता. बाई बाकावर बसून भाजी निवडत होत्या. काचेचं दार एकदम उघडलं, सिस्टर धावत गेली, डॉक्टर धावत आला. ड्रायव्हर आतून मोठ्यानं हाका मारत होता, "उस्ताद, ओ उस्ताद." मग त्याच्याही हाका थांबल्या. बाईंच्या मांडीवरची भाजी खाली सांडली होती. ती गोळा करावी की उठावं हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी गोळा केली.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आली. तिनं काही सांगायच्या आधीच बाईंनी विचारलं, "आत येऊ?"

नळ्या काढल्या होत्या. डाव्या हाताला पट्टी होती. बाईंनी सवयीनं त्या शिरेवर बोटं ठेवली. घरघर नव्हती. सिस्टरनं नियमाप्रमाणं हातमोज्यांची पेटी पुढं केली. बाईंनी ती पाहिली, आणि बाजूला ठेवली. मग खाली वाकून उस्तादांचा उजवा हात चादरीतून काढला. तो अजून कोमट होता. त्यांनी केसांचा गोळा सोडला, जमिनीवर बसल्या, आणि तो हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. तो घसरत होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. अडीच वर्षांनी ते बोट केसांना लागलं होतं. बाई खूप रडल्या. सिस्टरनं पेटी मागं घेतली आणि काचेचं दार लावून बाहेर उभी राहिली.

पंधरा दिवसांनी बाई उस्तादांच्या चपला आणि घोंगडी न्यायला तिथं गेल्या. कागद तयार होता. डॉक्टरांनी तो पाकिटात घालून दिला. बाईंनी बाकावर बसून उघडला. रक्तात विषाणू आढळला नाही, असं त्यावर लिहिलं होतं, खाली सही, शिक्का, तारीख. पक्का कागद.

तेवढ्यात ती पिशवीवाली मुलगी आली. तिच्या हातात फॉर्मचा दुसरा गठ्ठा होता, गोळ्यांनंतरचा. ती बाईंना पाहून थबकली. तिला आताच कळलं होतं.

बाईंनी तिला शेजारी बसवलं. "एक विचारायचंय. गोळ्या कुणाला द्यायच्या ते तुमच्या फॉर्मवरून ठरलं ना?"

"नाही हो," मुलगी म्हणाली. "गोळ्यांची यादी आमच्या फॉर्मच्या आधीच झाली होती. रक्ताच्या रिपोर्टवरून. त्यांचं नाव पहिल्यापासून होतं."

"मग फॉर्म कशाला होता?"

"तुमचं कसं चाललंय ते कळावं म्हणून. काय दुखतं, काय खुपतं. कुणी काही गंभीर लिहिलं, तर आम्ही ते डॉक्टरांना दाखवतो."

"म्हणजे तो अर्ज नव्हता."

"नाही. अर्ज नव्हता."

 बाई उठून डॉक्टरांच्या दारात गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: अठरावा प्रश्न, पहिल्या घरातली खूण, जिना, पाटी, "मस्त". डॉक्टरांनी चष्मा काढला. "कळलं असतं तर आम्ही हृदय तपासलं असतं," ते म्हणाले. "वाचले असते का?" बाईंनी विचारलं. तो सरळ माणूस होता. "कदाचित," तो म्हणाला. "आणि कदाचित नाही."

बाई परत बाकावर आल्या. "मला एक कोरा फॉर्म द्या."

"बाई, हा मोजणीत धरता येणार नाही," मुलगी हळूच म्हणाली. "रुग्ण गेल्यावर..."

"धरू नका. द्या."

मुलीनं दिला. बाईंनी पिशवीतून पेन काढलं. त्या घाईत नव्हत्या. थकवा, पायातले गोळे, झोप, एकेक प्रश्न त्यांनी उस्तादांनी सांगितला असता तसा भरला, एकही घर वर न सरकवता. खाज, असह्य. अठराव्याशी त्या थांबल्या, आणि "बऱ्यापैकी"वर खूण केली. ओझ्याचा प्रश्न आला. त्यावर त्यांनी बराच वेळ पेन धरलं, आणि तो रकाना रिकामा सोडला. "हा फॉर्म कोणी भरला?" तिथं "नातेवाइकाने" निवडून पुढच्या जागेत लिहिलं: पत्नी.

मग तो मोठा चौकोन उरला. सुटलेले केस पुन्हापुन्हा कागदावर येत होते. बाईंनी ते मागं सारले आणि आपल्या सुवाच्य, ठसठशीत अक्षरात लिहिलं: "त्यांची छाती दुखत होती. त्यांनी मला खरं सांगितलं होतं. मी दुसरं लिहिलं."

अजून बरीच जागा शिल्लक होती. बाईंनी तीत रेघ ओढली नाही. कागद तसाच मुलीच्या हातात दिला आणि चपला, घोंगडी घेऊन त्या घरी निघाल्या.